अन्नवस्त्र आणि वाटा

(अंबाजोगाई येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या नगरीत, ज्या मास्तरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याशी माझा पहिला परिचय कोणत्या शाळेत वा सभेत न होता तहसील कचेरीच्या ओसरीवर, एका हरकतीच्या अर्जाच्या निमित्ताने झाला; आणि त्या अर्जाने माझ्या पुढील आयुष्याला जो प्रश्न लावून दिला, त्याचे उत्तर मला नोकरीच्या सगळ्या वर्षांत देता आले नाही, म्हणून तोच प्रश्न आज आपल्यापुढे ठेवण्यास मी उभा आहे.

१९८९ सालची ही गोष्ट. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील एका सजात मी तलाठी म्हणून नुकताच रुजू झालो होतो. तेथील एक कोरडवाहू शेतकरी वारला आणि त्याच्या दोघा मुलांनी रीतसर वारसाचा अर्ज केला. सोबत पोलीस पाटलाचा दाखला होता, पंचांचे जबाब होते, दप्तर चोख होते. तेव्हा विधवा आणि दोन मुलगे अशी तीन नावे मी गाव नमुना सहा-क मध्ये घेतली. शेतकऱ्याला तिसरा मुलगा होता, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. तो बावीस वर्षांचा, चांगला उंचापुरा तरुण, अर्ज घेऊन आलेल्या भावांबरोबर कचेरीपर्यंत आला होता आणि बाहेर ओसरीवर त्यांच्या वहाणा राखीत बसला होता. तो बोले थोडे, हसे पुष्कळ, आणि दहापर्यंतचे आकडेही त्याला नीट मोजता येत नसत. मास्तर आले, त्यांनी त्याच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "तिसरं नाव कुठं आहे?" मी म्हणालो, "मास्तर, त्याला काय कळतंय?" ते म्हणाले, "वारसाला कळतं की नाही, हा रकाना तुमच्या सहा-क मध्ये आहे का?"

तो रकाना नव्हता. पंधरा दिवसांच्या मुदतीत मास्तरांनी हरकत नोंदवली, मंडळ अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली आणि फेरफारात तिसरे नाव लागले. मात्र नाव लिहिताना त्यापुढे 'अ.पा.क.' अशी अक्षरे पडली. महसुली कामाशी ज्यांचा संबंध आला असेल त्यांना या तीन अक्षरांचा अर्थ सांगावयास नको. जमिनीचा मालक अज्ञान असेल, म्हणजे कायद्याने वयात आलेला नसेल, तर त्याच्या पालनकर्त्याचे नाव या अक्षरांपुढे घालतात. बावीस वर्षांच्या दाढीमिशा आलेल्या पुरुषाला सरकारी दप्तरात आम्ही बालक करून ठेवले, आणि त्यात काही वावगे झाले असे कोणासच वाटले नाही. मला वाटते, विकासात्मक अपंगत्व घेऊन जगणाऱ्या प्रौढ माणसाच्या साऱ्या दैन्याचे मूळ या तीन अक्षरांत आहे. त्याचे शरीर वाढते, त्याच्या वासना आणि आवडीनिवडी वाढतात, केस पिकतात, पण समाजाच्या लेखी तो सदैव अज्ञानच राहतो.

या विषयात आपला जुना कायदा काय म्हणत होता तेही पाहण्यासारखे आहे. मनुस्मृतीने जड, उन्मत्त, जन्मांध, बधिर अशांना दायभागातून वगळले. मात्र त्यांना आमरण अन्नवस्त्र देण्याचे दायित्व वारसांच्या माथी ठेवले आणि ते न देणाऱ्यास पतित ठरविले. ब्रिटिश हिंदुस्थानात १९२८ साली एक कायदा होऊन यांतील पुष्कळ अपात्रता नाहीशा झाल्या, परंतु जन्मतः ज्याची बुद्धी अपुरी आहे त्याला त्याही कायद्याने दाराबाहेरच ठेवले. अखेर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने, रोग, व्यंग वा विकृती या कारणाने कोणीही वारसाहक्कास मुकणार नाही, असे एका वाक्यात सांगितले आणि शतकानुशतकांचा अन्याय कागदावर तरी संपला. कागदावर असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. जुन्या व्यवस्थेत त्या माणसाला वाटा नव्हता, पण अन्नवस्त्र होते; नव्या व्यवस्थेत त्याला वाटा मिळाला, आणि त्याचे अन्नवस्त्र कोणाच्या शिरी, हे सांगणारे मात्र कोणी उरले नाही. एकत्र कुटुंब मोडले, वाटण्या झाल्या, बांध पडले, आणि अडीच एकर मुरमाड रानाचा धनी असलेला तो तरुण दोन घरांच्या मध्ये उभा राहिला.

नाव लागल्यावर मास्तरांनी मला विचारले होते, "नाव लागलं, आता घराचं काय?" त्या वेळी मला तो प्रश्न अप्रस्तुत वाटला, कारण आई जिवंत होती. आई दहा-बारा वर्षांनी गेली. त्यानंतर दोघा भावांनी त्याला सहा-सहा महिने सांभाळण्याचे ठरविले आणि, त्यांना न्याय द्यावयाचा तर, ते त्यांनी आपल्या परीने पाळलेही. तथापि हे भाऊ कोण? ते ऊसतोड कामगार. दसऱ्याच्या आसपास मुकादमाची उचल घेतलेली असावयाची, नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जावयाचा, आणि टोळी एकदा कारखान्याकडे निघाली की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चैत्र लागेपर्यंत, घराला कुलूप. फडाच्या कडेला घातलेल्या कोपीत या माणसाला नेण्याचा त्यांनी एकदा प्रयत्न केला. पहाटे तीन वाजता थंडीत सगळी माणसे तोडीला निघून गेली, तो एकटाच कोपीत उरला आणि भांबावून रस्त्याला लागला. पुन्हा त्याला कोणी नेले नाही. गावात मारुतीच्या पारावर तो झोपे, आणि चार घरे आळीपाळीने त्याला भाकरी देत.

आमच्या गावांच्या दयाबुद्धीविषयी मला पूर्ण आदर आहे. त्याला कोणी उपाशी ठेवले नाही, कोणी मारले नाही. पोरेसोरे हसत, पण म्हातारी माणसे त्यांना दटावीत. परंतु एका हिवाळ्यात त्याचे जेवण कमी झाले, तो चिडका झाला, भाकरी देणाऱ्या बाईच्या अंगावर ओरडला, आणि 'आता ह्याचं डोकं फिरलं' असे गावाने ठरविले. प्रत्यक्षात त्याची दाढ किडून हिरड्यात पू झाला होता. अडीच महिने! पारावर येणाऱ्या-जाणाऱ्या दोनशे माणसांनी त्याला रोज पाहिले, आणि एकालाही ते कळले नाही. कारण तो सर्वांचा होता, आणि सकाळी उठल्यावर त्याच्या तोंडाकडे न्याहाळून पाहणे हे कोणा एकाचे काम नव्हते. अन्न आणि वस्त्र यांपलीकडे घर नावाची जी गोष्ट असते तिची व्याख्या मला त्या दाढेने शिकविली.

येथे मला मराठी वाङ्मयाच्या आद्यकाळातील एका गावाची आठवण होते. चक्रधरस्वामींचे गुरू श्रीगोविंदप्रभू हे ऋद्धिपूर येथे राहत, आणि म्हाइंभटांनी संकलित केलेल्या त्यांच्या चरित्रात त्यांचे अलौकिक, लोकव्यवहाराच्या पलीकडचे वर्तन तपशीलवार नोंदले आहे: ते स्वतःशीच बोलत, मनाला येईल त्या घरात शिरत, आवडेल ते उचलून खात, देवळातल्या मूर्तींशी खेळत. महानुभाव पंथ त्यांना परमेश्वराचा अवतार मानतो आणि त्यांच्याविषयी अन्य काही सुचविण्याचा माझा उद्देश नाही. मला बोलावयाचे आहे ते गावाविषयी. ते गाव त्यांना एका श्वासात वेडे म्हणे आणि दुसऱ्या श्वासात माय आणि बाप म्हणे. पण हे चरित्र वाचताना माझे लक्ष वारंवार जाते ते त्यांच्या मागे मागे राहणाऱ्या भक्तमंडळीकडे. ही मंडळी प्रभूंच्या जेवण्याची, निजण्याची, कोठे गेले आणि केव्हा परतले याची अहोरात्र काळजी वाहत होती. गावाची माया होतीच, परंतु तिच्या जोडीला, ज्यांनी हे काम आपले म्हणून पत्करले होते, अशी माणसेही होती. पारावरच्या माझ्या माणसाला पहिली गोष्ट लाभली, दुसरी लाभली नाही.

मराठी मुलखात ही दुसरी गोष्ट उभी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी सुरू केली, नाशिकला रजनीताई लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनीची शाळा काढली. ज्या काळी 'मतिमंद' हा शब्दही सौम्य वाटावा अशा शब्दांनी या मुलांना हाक मारली जात होती, त्या काळी या स्त्रियांनी त्यांना दप्तर, गणवेश आणि घंटा दिली. पण शाळेतील मुले मोठी होतात. वैद्यकाची प्रगती अशी की, डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तीचे सरासरी आयुर्मान १९८० च्या सुमारास अमेरिकेतसुद्धा २५ वर्षांच्या आसपास मानले जाई, ते आता ६० च्या घरात गेले आहे. पूर्वी आईबाप मुलाला पोहोचवीत. आता मूल मागे राहते. म्हणूनच मराठवाड्यातील घराघरांत म्हातारी माणसे दबल्या आवाजात विचारतात, "आमच्या माघारी ह्याचं कसं व्हायचं?" आणि एखादी आई, दार लावून घेऊन, आपल्याआधी त्याने जावे असा नवस बोलते. पोटच्या पोरासाठी असा नवस बोलावा लागणे, याहून मोठी लाजिरवाणी गोष्ट त्या आईच्या भोवतालच्या समाजाला दुसरी कोणती असेल?

या भयातूनच पालकांनी एकत्र येऊन बदलापूरला 'आधार' उभारले, डोंबिवलीजवळ खोणी येथे 'घरकुल' उभारले. मुळशी तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात, १९९४ साली सुरू झालेले 'साधना व्हिलेज' मला विशेष मननीय वाटते, कारण तेथे एक मोठे वसतिगृह बांधण्याऐवजी लहान लहान घरे केली, प्रत्येक घरात थोडे प्रौढ आणि त्यांच्यासह राहणारी एक गृहमाता असा संसार मांडला, रहिवाशांना 'विशेष मित्र' म्हटले, आणि शेजारच्या गावांच्या कामात ही संस्था सहभागी झाली. या कल्पनेचा एक नातेवाईक दूर स्कॉटलंडमध्ये आहे. नाझी राजवटीपासून जीव वाचवून पळालेले व्हिएन्नाचे बालवैद्य कार्ल कोनिग आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० साली अबरडीनजवळ कॅम्पहिल नावाच्या वास्तूत अशा मुलांसाठी असे कार्य आरंभिले. पुरुष मंडळी त्या वेळी शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून स्थानबद्ध होती, तेव्हा स्त्रियांनीच जूनच्या पहिल्या तारखेला बिऱ्हाड हलविले. ज्यांना स्वतःलाच घर उरले नव्हते अशांनी हे घर मांडले. पुढे तेथली मुले वयात आली, तेव्हा १९५५ मध्ये यॉर्कशायरमधील बॉटन येथे प्रौढांसाठी स्वतंत्र खेडे वसविण्यात आले, जेथे ती शेती करीत, गुरे सांभाळीत, भाकरी भाजीत. मूल मोठे झाले की त्याला मोठ्या माणसाचे घर आणि मोठ्या माणसाचे काम लागते, ही साधी गोष्ट त्यांनी ओळखली.

आपल्याकडे ती पुरेशा आग्रहाने मांडली ती अमरावती जिल्ह्यातील वज्झरच्या शंकरबाबा पापळकर यांनी. गाडगेबाबांचा वारसा मानणाऱ्या या गृहस्थाने रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेली शंभराहून अधिक अपंग मुले आपली म्हटली, वडिलांच्या नावाच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले, आणि कित्येकांची लग्ने लावून दिली. नियम असा की बालगृहातील मूल अठरा वर्षांचे झाले की त्याने बाहेर पडावे. कोठे? ज्याला आपले गाव ठाऊक नाही, ज्याला एस.टी.चा फलक वाचता येत नाही, त्याने अठराव्या वाढदिवशी कोठे जावे? अशा मुलांना आजन्म त्याच छताखाली राहू द्यावे यासाठी बाबा वर्षानुवर्षे सरकारशी झगडत राहिले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सन्मान झाला याचा मला आनंद आहे. त्यांची मागणी सर्व राज्यात कायद्याच्या रूपाने फळास येईल तेव्हा तो अधिक होईल.

घर म्हणताच आपल्या मनात एक उंच भिंत, एक फाटक आणि त्यामागे ओळीने खाटा असे चित्र उभे राहत असेल, तर ते प्रथम पुसले पाहिजे. १९९४ च्या फेब्रुवारीत, शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण असे देण्यात आले की त्यांना मासिक पाळीतील स्वच्छता राखता येत नाही. महाराष्ट्रात त्यावर फार मोठा क्षोभ उसळला. पण बीड जिल्ह्यातील माणसाने त्या घटनेकडे परकी म्हणून पाहू नये. ऊसतोड करणाऱ्या आपल्या भगिनींची २०१९ साली शासकीय समितीने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. तेथे व्यवस्थापनाची सोय होती, येथे हंगामाचा खाडा चुकवावयाचा होता. दुबळ्या बाईचे शरीर दुसऱ्याच्या सोयीने कापले गेले, हे दोन्हीकडे सारखेच. भिंती जितक्या उंच, गावापासून अंतर जितके अधिक आणि माणसे जितकी जास्त, तितके अंधाराला फावते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे, आणि त्याबाबत तडजोड मला मान्य नाही: आपल्या जिल्ह्यातले घर गावाबाहेरच्या गायरानात नको, गल्लीत हवे, शंभर माणसांचे नको, सहा-सात माणसांचे हवे. शेजारणीने साखर मागावयास दार वाजवावे आणि आतून त्यांच्यापैकीच कोणी वाटी भरून आणून द्यावी, इतके ते साधे असावे.

कायदा आज या कल्पनेच्या बाजूला आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती सांगितली. ती समिती प्रौढ व्यक्तीसाठीही पालक नेमू शकते, आणि त्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी व दरवर्षी हिशेब सादर करावयाचा असतो. अ.पा.क. या अक्षरांनी ज्याला कधी हिशेब विचारला नाही, त्याला विचारणारा कोणी तरी निर्माण झाला, याचे मोल माझ्यासारखा महसुली माणूसच जाणील. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पुढे जाऊन, अशा व्यक्तीला समाजात राहण्याचा अधिकार आहे असे म्हटले, आणि पालकत्वही मर्यादित केले, म्हणजे पालकाने त्या माणसाला विचारून, त्याच्यासह निर्णय घ्यावयाचा. न्यासाची 'घरौंदा' ही योजना तर प्रौढांच्या आजन्म निवासासाठीच आखली गेली. समित्या किती वेळा भरतात आणि किती अर्ज निकाली निघतात, हे विचारण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि तो आपण फारसा वापरत नाही.

आता आपल्याच जिल्ह्याचे पाहू. २०११ च्या जनगणनेत बीडची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. दरवर्षी लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला जातात. त्यांच्या शाळकरी मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची व्यवस्था झाली आहे, आणि ती ज्यांच्या खटपटीने झाली त्यांचे उपकार आहेत. परंतु चाळीस वर्षांच्या मुलाला त्या वसतिगृहात जागा नाही, आणि म्हातारी आजी वारली की त्याला घरातही जागा नाही. तेव्हा पहिले घर निदान हंगामापुरते, दसऱ्यापासून अक्षय्यतृतीयेपर्यंत, चालावे. ज्यांचे कोणीच उरले नाही त्यांनी तेथे बारमाही राहावे. ते अंबाजोगाईत असावे, कारण येथे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दाढ दुखली तर दाखविण्यास पन्नास कोस जावे लागत नाही. घर सांभाळणाऱ्या बाईला पगार वेळेवर मिळावा, आठवड्याची सुट्टी मिळावी. सेवेच्या नावाखाली एका बाईला चोवीस तास राबविणे हे पुण्य नव्हे. रहिवाशांच्या शिधापत्रिकेवर त्यांची स्वतःची नावे असावीत, निराधार योजनेचे अनुदान त्यांच्याच खात्यात पडावे, आणि ज्याचे रान आहे त्याच्या रानाचे बटाईचे उत्पन्न कोठे जाते हे वर्षातून एकदा मोठ्याने वाचून दाखवावे. काम हवेच. शेळ्या राखणे, मिरची निवडणे, शेवया वळणे, बाजारच्या दिवशी पिशवी धरून भावाबरोबर नव्हे तर स्वतःच्या पैशाने भाजी आणावयास जाणे. त्यात तो दोन रुपयांना फसला तर फसू द्यावा. आपणही फसतो.

शेजारी कुरकुर करतील. प्रथमतः कोणी म्हणेल की मुलीबाळींची वाट आहे, कोणी म्हणेल की जागेचे भाव उतरतील. त्यांच्यावर रागावू नये. घर सुरू होण्याआधी त्यांना बोलवावे, चहा द्यावा, कोण कोण राहणार ते नावाने सांगावे. ज्याची भीती वाटते त्याचे नाव कळले की निम्मी भीती जाते, असा माझा खेड्यातला अनुभव आहे. उरलेल्या निम्मीसाठी वेळ लागतो, तो द्यावा.

मास्तर आज नाहीत. पारावरचा माणूस आहे. तो आता साठीला आला असून त्याच्या दोन्ही भावांची घरे येत्या हंगामात पुन्हा कुलूपबंद होणार आहेत. एका सद्गृहस्थांनी या गावातील आपला तीन खोल्यांचा जुना वाडा पाच वर्षांसाठी बिनभाड्याने देण्याचे मला कबूल केले आहे. दुरुस्तीस पैसे लागतील, आणि त्याहून अधिक, कोणाकोणाला तेथे जागा हवी हे कळावे लागेल. सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवली आहे. आपल्या गल्लीत, आपल्या भावकीत असा कोणी प्रौढ स्त्री वा पुरुष असेल, तर कृपा करून त्या वहीत त्याचे गाव, त्याचे वय आणि त्याला सांभाळणाऱ्या माणसाचे वय, एवढे तीन रकाने भरून मगच घरी जावे.